९० व्या दिवशी फोन न लागण्यावर आमचा उपाय

स्ट्रोकवरचे उपचार रुग्णांवर तपासणाऱ्या बऱ्याच चाचण्यांचा (क्लिनिकल ट्रायल्सचा) मुख्य निकाल ९० व्या दिवशी ठरतो. रुग्ण किती स्वावलंबी झाला, हे मॉडिफाइड रँकिन स्केलवर ० (काही त्रास नाही) ते ६ (मृत्यू) मध्ये नोंदवायचं असतं. आमच्याकडे नेमका तेव्हाच फोन लागत नसे. कुणी मुलीकडे राहायला गेलेलं, कुणाचा नंबर बदललेला.

चाचणीचं रोजचं काम पाहणाऱ्या कोऑर्डिनेटरना बोलण्यात अर्थ नव्हता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. त्या धावपळीत संमती घेणारा माणूस दुसरा नंबर कधी विचारणार? म्हणून ते काम डिस्चार्जच्या दिवशी नेलं. रोजची काळजी कोण घेणार, हे तेव्हाच नीट कळतं. त्या व्यक्तीचा आणि आणखी एका नातेवाइकाचा नंबर घेतो, तिथेच लावून पाहतो. ३० व्या दिवशी नुसत्या विचारपुशीचा फोन करतो. त्याला एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घेतली.

स्कोअर देणारी नर्स मात्र वेगळी. कुणाला कोणता उपचार मिळाला हे तिला ठाऊक नसतं, आणि तिला ते सांगू नका, असं घरच्यांनाही बजावून ठेवतो. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आता हातून निसटणारे रुग्ण अगदी थोडे.