पावसाळ्यात ब्रॉयलरची रक्ती हगवण: आधी तूस, मग औषध

जून ते सप्टेंबर हा गोव्यात कॉक्सिडिओसिसचा, म्हणजे रक्ती हगवणीचा, हंगाम. हा रोग करणाऱ्या आयमेरिया या परजीवीची अंडी विष्ठेतून पडताना संसर्ग करू शकत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत संसर्गाला तयार होतात. यातली आपल्या हातात असते ती फक्त ओल.

रोज सकाळी पाण्याच्या भांड्याखाली अंथरलेले तूस मुठीत दाबून पाहा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर तेवढा भाग खरवडून शेडबाहेर टाका आणि कोरडे तूस घाला. थर २ ते ३ इंच असावा, रोज हलवावा. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवा; खाली असली तर पाणी सांडणारच. झड येते म्हणून पडदे पूर्ण बंद करण्याची सवय सर्वांत वाईट. आत वाफ आणि अमोनिया कोंडतो. वरचा फूटभर भाग उघडा ठेवा, झड अडवायला छपराची वळचण वाढवा.

श्रावणात मागणी पडते, पक्षी विकले जात नाहीत आणि वजन वाढून दाटी होते. पक्ष्याला एक चौरस फूट जागा हवीच, म्हणून चतुर्थीआधीच्या बॅचला पिल्ले कमी घ्या.

तीन ते सहा आठवड्यांचे पक्षी पंख पिंजारून, मान आखडून बसले, विष्ठेत रक्त दिसले तर नुकताच मेलेला पक्षी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. आतड्याच्या शेवटच्या दोन पिशव्या रक्ताने भरलेल्या असतील तर तो आयमेरिया टेनेला. वरच्या आतड्यात पांढरे आडवे पट्टे दिसले तर दुसरी जात; तिच्यात रक्त पडत नाही, वजन मात्र घटते.

आजारी पक्षी खात नाही, पण पाणी पितो. म्हणून औषध पाण्यातून. अँप्रोलियम २० टक्के पावडर १०० लिटरला १२० ग्रॅम, ३ ते ५ दिवस. पुढे ३० ग्रॅमवर आठवडाभर. मात्रा पशुवैद्यांकडून पक्की करून घ्या, पाणी रोज ताजे बनवा, दुसरे पाणी ठेवू नका. या काळात बी-१ असलेले टॉनिक देऊ नका: अँप्रोलियम त्याच जीवनसत्त्वाची नक्कल करून परजीवीला उपाशी मारते, टॉनिकने तो पुन्हा पोसला जातो. औषध बंद केल्यावर विक्रीपूर्वी किती दिवस थांबायचे ते लेबलवर असते, ते पाळा.

बॅच गेल्यावर सगळे तूस काढा, जमीन घासून धुवा, फ्लेमगन (ज्योत फेकणारे यंत्र) फिरवा, पूर्ण सुकू द्या. फिनाइल किंवा ब्लीचिंगने ही अंडी मरत नाहीत. दारातल्या औषधी पाण्यात पाय बुडवण्यापेक्षा प्रत्येक शेडसाठी वेगळ्या चपला जास्त उपयोगी.