स्टारड्यू व्हॅलीचा पहिला मॉड चालत नाहीये? या चुका टाळा

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेमचा मॉड, म्हणजे गेममध्ये आपण घातलेला बदल, बनवायला कोडिंग यायलाच पाहिजे असं अजिबात नाही, हे आधीच सांगतो, कारण बरेच जण तिथेच घाबरतात आणि सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेचे व्हिडिओ बघत बसतात. पात्राचा चेहरा बदलायचाय, पिकाचा भाव वाढवायचाय, कुणाच्या तोंडी नवे डायलॉग घालायचेत, एवढं सगळं स्मापी (गेममध्ये मॉड चालवणारा प्रोग्राम) आणि कंटेंट पॅचर (तुमच्या फाइल वाचून गेममध्ये बदल करणारा तयार मॉड) यांच्यावर होतं. तुम्ही फक्त दोन जेसन फाइल (ठरावीक पद्धतीने लिहिलेला साधा मजकूर) द्यायच्या, मॅनिफेस्टमध्ये मॉडची ओळख आणि कंटेंटमध्ये करायचे बदल, शिवाय लागतील ती चित्रं. अडतं ते भलतीकडेच.

सगळ्यात पहिलं, गेम स्मापीतून चालू झालाय का ते बघा. गेमसोबत काळी कन्सोल विंडो उघडली नाही तर तुमचा मॉड कुणी वाचलेलाच नाही, मग फाइलमध्ये चुका शोधून काय उपयोग. स्टीमवरून खेळत असाल तर लाँच ऑप्शनमध्ये स्मापीचा पत्ता टाकावा लागतो, ते राहून जातं.

दुसरी गोष्ट विंडोजची. नोटपॅडमध्ये मॅनिफेस्ट डॉट जेसन म्हणून सेव्ह केलं तरी मागे गुपचूप डॉट टीएक्सटी लागलेलं असतं आणि विंडोज ते लपवून ठेवतं, त्यामुळे तुम्हाला सगळं बरोबर दिसतं आणि स्मापीला फाइल सापडत नाही. एक्सप्लोररमध्ये एक्सटेन्शन दाखवायचं सेटिंग चालू करून टाका एकदाचं.

मॅनिफेस्ट दुसऱ्याच्या मॉडमधून कॉपी करायला हरकत नाही, सगळेच करतात, पण त्यातला युनिक आयडी, म्हणजे मॉडचं एकमेव ओळखनाव, बदला ना! तसाच ठेवला आणि मूळ मॉडही फोल्डरमध्ये असला तर स्मापीला वाटतं एकाच मॉडच्या दोन कॉप्या आहेत आणि तो दोन्ही सोडून देतो.

आता कन्सोल. लाल ओळी दिसल्या की लोक विंडो बंद करतात आणि कुठेतरी जाऊन "मॉड चालत नाही, हेल्प" असं लिहितात. अरे, त्या लाल ओळीतच लिहिलेलं असतं कुठल्या मॉडच्या कुठल्या फाइलमध्ये काय बिघडलंय, बऱ्याचदा ओळीच्या नंबरासकट. कॉमा राहिलाय, महिरपी कंस बंद केला नाहीये, किंवा मोबाइलवर टाइप केल्यामुळे सरळ अवतरण चिन्हांच्या जागी वाकडी आलीत, बहुतेक वेळा यातलंच काहीतरी निघतं. डायलॉगमध्येच दुहेरी अवतरण हवं असेल तर त्याच्या आधी बॅकस्लॅश द्या. आणि लाल काहीच नाही पण बदलही दिसत नाहीये, तर कन्सोलमध्ये पॅच समरी ही कमांड टाइप करा, तुमचा कुठला पॅच, म्हणजे कंटेंटमधला बदल, लागला, कुठला नाही आणि का नाही, सगळं समोर येतं.

तिथे पॅच लागलाच नाही असं दिसलं तर टार्गेट, म्हणजे गेमची कुठली फाइल बदलायची ते नाव, तपासा. फोल्डरमध्ये फाइल जशी दिसते तसं, पुढे कंटेंट आणि मागे डॉट एक्सएनबी (गेमच्या मूळ फाइलचं एक्सटेन्शन) लावून लिहायचं नसतं, अ‍ॅबिगेल या पात्राचा चेहरा बदलायचा तर नुसतं पोर्ट्रेट्स स्लॅश अ‍ॅबिगेल एवढंच. चित्राच्या मापाचंही तसंच. पोर्ट्रेटचा एकेक चेहरा ६४ बाय ६४ पिक्सेलचा असतो, आणि तुम्ही मित्राचा मोबाइलवरचा फोटो लोडने (अख्खी फाइल बदलणाऱ्या कृतीने) तसाच ढकलला तर गेम तो लहान करत बसत नाही, डावीकडचा वरचा कोपरा तेवढा उचलतो. म्हणजे डायलॉगच्या बाजूला मित्राऐवजी मागची भिंत.

सगळ्यात फसवी चूक मात्र भाव बदलतानाची. समजा पार्सनिप हे पीक ३५ ला विकतं, तुम्हाला १०० करायचंय. लोक कंटेंट फाइलमधल्या एन्ट्रीज या भागात पार्सनिपचा आयडी २४ घालतात, आत फक्त किंमत लिहितात आणि खूश होतात. पण एन्ट्रीज म्हणजे अख्खी नोंद नवीन. तुम्ही किंमत सोडून काही दिलंच नाहीत, त्यामुळे नाव, वर्णन, प्रकार, बाकीची सगळी माहिती उडाली! एकच गोष्ट बदलायची असेल तर एन्ट्रीजऐवजी फील्ड्स हा भाग वापरायचा, बाकीचं जागच्या जागी राहतं.

यात भर पडते जुन्या ट्युटोरियलची. मार्च २०२४ मध्ये गेमचं १.६ व्हर्जन आलं आणि वस्तूंचा डेटा ठेवायची पद्धतच बदलली, आधी स्लॅश टाकून एका ओळीत कोंबलेली माहिती असायची ती आता नीट वेगवेगळ्या नावांखाली आली, फाइलचं नावही ऑब्जेक्ट इन्फर्मेशनचं नुसतं ऑब्जेक्ट्स झालं. त्यामुळे व्हिडिओ कितीही मस्त असला तरी आधी तारीख बघा. एक्सएनबी फाइल थेट बदला म्हणणारा असेल तर लगेच बंद करा, त्याने मूळ गेमच्याच फाइल बदलतात आणि पुढच्या अपडेटला सगळं बोंबलतं.

टेस्टिंगसाठी वेगळं सेव्ह ठेवा. नवीन वस्तू घालणारा मॉड नंतर काढला की शेतात आणि पेट्यांमध्ये त्या वस्तूच्या जागी एरर आयटम दिसतो. स्मापी स्वतःहून सेव्ह बॅकअप फोल्डरमध्ये शेवटचे १० बॅकअप ठेवतं, पण त्याच्या भरवशावर तीन वर्षांचं शेत पणाला लावू नका. आणि प्रत्येक बदलाला गेम बंद-चालू करत बसू नका, पॅच रीलोड आणि पुढे तुमच्या मॉडचा आयडी लिहिलात की कंटेंट फाइल पुन्हा वाचली जाते.

राहिला आपल्या सगळ्यांचा लाडका प्रयोग, अ‍ॅबिगेलला मराठी बोलायला लावायचं. गेम १२ भाषांत आहे पण त्यात देवनागरीतली एकही नाही, त्यामुळे देवनागरी डायलॉग थेट टाकलात तर नीट दिसणारच नाहीत. १.५.५ पासून मॉडने नवी भाषा जोडता येते खरी, पण फॉन्ट तुम्हालाच बनवून द्यावा लागतो, आणि फॉन्ट दिला तरी गेम एकेक अक्षर सुटं काढतो, जोडाक्षरं जुळत नाहीत, विहीर लिहिलं तर पहिली वेलांटी व च्या उजवीकडे जाऊन बसते. पहिल्याच मॉडला ही भानगड नको. काय म्हणतोस, जेवलास का, हे सरळ इंग्रजी अक्षरांत लिहा, शेवटी डॉलर आणि एच लावलंत की अ‍ॅबिगेल हसतसुद्धा विचारेल.