आक्रात रात्री बाहेर पडायचंय? आधी हे वाचा

पासपोर्ट, व्हिसा, विमा ही कामं तुम्ही कराल. पिवळ्या तापाची लस तेवढी निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड परत येईपर्यंत जपा. नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात बसवतात.

आता डास. आक्रात, म्हणजे घानाच्या राजधानीत, रात्री फिरायचं म्हटलं की सगळे चोरांबद्दल विचारतात. मीही तेवढंच विचारलं होतं आणि नंतर सलाईनच्या बाटलीकडे बघत पडून राहिलो. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणजे नेमका तुमच्या हिंडण्याच्या वेळात. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपारम प्रकारचा, वेळेत उपचार झाले नाहीत तर जिवावर बेतणारा. ‘आपल्याला काय, डासांची सवय आहे’ असलं काही बोलू नका. सवय असली म्हणून मलेरिया टळत नाही. प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी सुरू करायच्या असतात आणि परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात. कुठल्या आणि किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा. विमानतळावर आठवून उपयोग नाही.

कपडे: लांब पँट, मोजे, बंद बूट. हो, उकडतं. तरीही मोजे. आक्रातल्या ओसू भागातल्या निम्म्या बैठका उघड्यावरच असतात, रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या टाकलेल्या. वर गप्पा रंगतात आणि टेबलाखाली घोटे फुकट जातात. डास दूर ठेवणारं, डीट असलेलं मलम हॉटेलात नाही, खिशात ठेवा. नाचलात की घामाबरोबर ते उतरतं, मग पुन्हा लावा. लष्करी छापाचे कपडे मात्र नेऊच नका, तिथे सामान्य माणसाने ते घालायला बंदी आहे.

पैसे थोडेच, पण सुटे. १०० आणि २०० सेडीच्या नोटा रात्री कोणी मोडून देत नाही, आणि टॅक्सीवाल्याशी रात्री दोनला वाद घालण्यात मजा नाही. पैसे देताना-घेताना उजवा हात. हे आपल्याला शिकवावं लागत नाही, पण एका हातात ग्लास असला की विसरायला होतं.

स्थानिक सिम पहिल्याच दिवशी घ्या. रात्री रस्त्यावरची टॅक्सी नको, बोल्ट किंवा उबर बोलवा, नंबर प्लेट जुळवा आणि मगच बसा. गाडी येईपर्यंत आतच थांबा, फुटपाथवर फोन काढून उभे राहू नका. फोन पूर्ण चार्ज करून निघा, कारण बॅटरी संपली की गाडीही गेली. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. घानात १९७४ पासून वाहनं उजव्या बाजूने चालतात, आणि आपली मान सवयीने उजवीकडेच वळते. कडेची गटारं बऱ्याच ठिकाणी उघडी आहेत, चांगली खोल. वीज जाते (त्याला तिथे ‘दुमसोर’ म्हणतात), तेव्हा टॉर्च लावल्याशिवाय पाऊल टाकू नका.

रिकाम्या पोटी पिऊ नका. संध्याकाळी केलेवेले खा: पिकलेल्या राजेळी केळ्यांसारख्या केळ्यांचे तुकडे, आलं-मिरची लावून तळलेले, कागदात गरमागरम मिळतात. अकपेतेशी म्हणजे ताडीपासून किंवा उसाच्या रसापासून गाळलेली दारू, आपल्या गावठीची सख्खी बहीण. चव बघा, पैज लावू नका. ग्लास टेबलावर सोडून नाचायला गेलात तर परत येऊन नवा घ्या.

गाणं ऐकायचं असेल तर देशाच्या टेलिफोन कोडवरून नाव ठेवलेल्या ‘प्लस टू थ्री थ्री’ या बारमध्ये जा. तिथे बँड प्रत्यक्ष वाजवतात, हायलाइफ हे तिथलं लोकप्रिय संगीतही ऐकायला मिळतं. आणि जाण्याआधी घोट्यांना मलम. सांगितलं होतं ना? पुन्हा सांगतोय.

लाबादीच्या किनाऱ्यावर जा, पण रात्री पाण्यात नाही, ओढ फार आहे. अंधारात वाळूवर एकटं भटकायचं नाही. पोलिसांचे, सैनिकांचे फोटो नकोत. डिसेंबरात सगळंच महाग आणि तुंबलेलं. मदतीला ११२.

परतल्यावर आठवड्याने, महिन्याने, कधीही ताप आला तर क्रोसिन घेऊन झोपू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा, घानाला जाऊन आलोय.