वजनकाट्याला स्नायू कळत नाहीत: सार्कोपेनियाच्या तपासणीत या चुका टाळा

"दहा वर्षांत वजन किलोभरही हललं नाही," असं कौतुकाने सांगणाऱ्याचा पट्टा मात्र दोन भोकं सैल करावा लागलेला असतो. स्नायू गेले, त्यांच्या जागी चरबी आली आणि काट्याला पत्ताच नाही. वयानुसार होणारी स्नायूंची झीज, म्हणजे सार्कोपेनिया, ओळखताना पहिली चूक हीच. आकारापेक्षा ताकद लवकर उतरते, म्हणून आधी ताकद बघायची.

त्यासाठी घरीही करता येते ती पाच वेळा खुर्चीतून उठण्या-बसण्याची चाचणी. लोक बिघडवतातही तिलाच. सोफा नको, हातांची खुर्चीही नको. साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हातांची छातीवर घडी. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तळवा नकळत मांडीवर जातो, किंवा माणूस पुरता ताठ न होताच परत बसतो. घड्याळ बघणाऱ्याच्या हे नजरेतून सुटतं. मला विचाराल तर तो मांडीवर गेलेला हात सेकंदांपेक्षा जास्त सांगतो. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पुढची तपासणी हवी. युरोपीय निकष १५ सेकंदांच्या वरचा आहे. दोन्हींची सरमिसळ करू नका. आणि गुडघा दुखत असेल, तर वेळ स्नायूंमुळे लागला की सांध्यामुळे, हे कळणार नाही. तेव्हा हाताची पकड मोजलेली बरी.

पकड मोजताना एकदाच दाबून सोडून देतात, किंवा सरासरी काढतात. निदान दोनदा, पूर्ण जोर लावून दाबायचं आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा. आशियाई निकषांत पुरुषांसाठी २८ आणि स्त्रियांसाठी १८ किलोंपेक्षा कमी पकड म्हणजे ताकद कमी.

पोटरीचा घेर सोपा, पण फसवा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर शंका घ्यायची. टेप सर्वांत जाड भागावर, मांस न आवळता. आधी नडगीवर अंगठा दाबून बघा: खळगा राहिला तर ती सूज आहे, आणि सुजलेली पोटरी खोटा दिलासा देते. लठ्ठ माणसाचंही तेच.

सार्क-एफ या पाच प्रश्नांच्या प्रश्नावलीत १० पैकी ४ किंवा जास्त गुण आले तर लक्ष द्यायचं. पण ३ आले म्हणून निर्धास्त होऊ नका. तिच्या चाळणीतून बरेच जण निसटतात. शिवाय "जिना चढता येतो का?" याला उत्तर "हो" येतं, कठड्याला लोंबकळत चढलो हे कुणी सांगत नाही. विचारू नका, चढताना बघा.

शरीररचना मोजणाऱ्या विद्युत यंत्राचा आकडा अंगातल्या पाण्यानुसार बदलतो. पेसमेकर असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यावर उभंच राहू नये.

आजारपणातून उठल्या-उठल्या केलेली चाचणी वाईट येणारच. ती नोंदवून ठेवा, बरं झाल्यावर त्याच खुर्चीवर पुन्हा करा.