बोकडाची हाडं कुकरला लावू नका

झूलॉजी घेतलं की कोणीतरी सांगतंच, एक सांगाडा स्वतः जोड, हाडं आपोआप पाठ होतात. खरंय ते. पण मी कशी आपटले ते आधी वाचा.

नाशिकच्या भद्रकालीतून बोकडाचे पाय आणले, अख्खे, मांडीपासून खुरापर्यंत, नि आई पंचवटीत मावशीकडे गेली तेव्हा कुकरला लावले. पाच शिट्ट्या. मांस सुटलं पण तळाशी ढीगभर बारके तुकडे, फीमरची (मांडीच्या हाडाची) डोकी वेगळी, ह्युमरसची (पुढच्या पायाच्या वरच्या हाडाची) वेगळी. मला वाटलं हाडं मोडली. थोडे फेकले, बाकीचे अंदाजाने फेव्हिक्विकने चिकटवले. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी फीमर उचलला, फिरवून बघितला, "ह्युमरसचं डोकं इथे काय करतंय?" वीसपैकी सहा.

लॅबमधले मामा नंतर म्हणाले, "पोरी, ती टोपणं होती." (आमच्या अर्ध्या सरांपेक्षा मामांना जास्त कळतं, त्यांना धरून राहा.) तर नीट समजून घ्या, कोवळ्या जनावराचं लांब हाड एकसंध नसतंच. मधली नळी वेगळी, टोकांची टोपणं म्हणजे एपिफिसिस वेगळी, नि मध्ये कूर्चेचा पातळ थर, हाड लांबीला वाढतं ते तिथेच. वाढ संपली की त्या थराचंच हाड होतं नि सगळं जुळून जातं. मटणाचा बोकड बहुतेक कोवळाच, मग उकळल्यावर कूर्चा सुटणारच. मोडलेल्या हाडाची कड धारदार असते, टोपणाची आतली बाजू खडबडीत पण आपल्या नळीवर बरोब्बर बसते, दुसऱ्या कुठल्या नाही.

म्हणून प्रत्येक पाय वेगळ्या जुन्या मोज्यात बांधा नि मंद आचेवर ठेवा. पुढच्या गुडघ्यात, जो खरं तर मनगट आहे, सहा बारकी हाडं असतात, मोज्यात बांधली नसतील तर गेलीच समजा. ब्लीच अजिबात नको, ते हाडातलं कोलॅजन (हाडाला चिवटपणा देणारं प्रथिन) खातं नि हाड खडूसारखं भुरभुरतं, पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. कोलॅजन काय करतं बघायचं तर कोंबडीची तंगडी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, रोज व्हिनेगर बदला, क्षार निघून गेले की हाड रबरासारखं वाकतं.

तयार थ्रीडी ॲपवाल्यांनो, त्यात टोपण सुटत नाही, बाकी तुमची मर्जी.

घाबरू मात्र नका, दुसऱ्या खेपेला मला अख्खा पाय दोन रविवारात जमला. पहिल्या पायाची चार टोपणं अजून डबीत पडलीत, कुठल्याच नळीवर बसत नाहीत, त्यांच्या नळ्या मी तेव्हाच फेकल्या असणार.