जुन्या बाइकच्या इंजिनात नवीन व्हॉल्व्ह स्प्रिंग टाकताना

आधी एक सांगतो, जास्त कडक स्प्रिंग म्हणजे चांगली स्प्रिंग असं अजिबात नाही. जुनी स्प्रिंग थकली की जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा) मागे वेळेवर बसत नाही आणि इंजिन वर अडखळायला लागतं, तेवढं थांबवेल इतकाच जोर हवा, त्याहून जास्त घेतलात तर कॅम आणि टॅपेट (कॅमचा धक्का पुढे देणारा भाग) घासून बिचाऱ्यांची वाट लागते.

आता खरं काम मोजायचं. स्प्रिंग न लावता व्हॉल्व्ह, रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी), कॉलेट (ती टोपी व्हॉल्व्हवर अडकवणाऱ्या छोट्या पाचरी) बसवा, व्हॉल्व्ह वर ओढून धरा आणि स्प्रिंग जिथे बसते तिथपासून रिटेनरपर्यंतची उंची व्हर्नियरने घ्या. समजा ३२ मिमी आली आणि व्हॉल्व्ह ८ मिमी उघडतो, म्हणजे पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगला २४ मिमी जागा उरते. आता स्प्रिंग व्हाइसमध्ये पूर्ण दाबून बघा, वेटोळे एकमेकांना टेकल्यावर २२.५ भरली तर दीड मिमी शिल्लक, चालेल. २४ च भरली तर ती स्प्रिंग परत करा, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला धक्का देणारी दांडी) वाकेल. रिटेनरचा खालचा भाग गाइडला (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी) आपटत नाही ना, तेही बघाच.

वेटोळे एका बाजूला जवळजवळ असतील तर ती बाजू हेडकडे. कॉलेटला थोडं ग्रीस लावा, चिकटून राहतात, नाहीतर टणकन उडतात आणि अर्धा दिवस शोधण्यात जातो (गॉगल घाला प्लीज). बसल्यावर व्हॉल्व्हच्या स्टेमवर (दांड्यावर) प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच टकटक करा. मग प्लग काढून इंजिन हाताने फिरवा, कुठे अडलं तर जोर लावू नका, उघडून बघा. शेवटी टॅपेटची फट परत सेट करायची.