‘ऑफ माइस अँड मेन’ : सत्ता कोणाची, वचक कोणाचा?

इंग्रजी साहित्य घेऊन मी एम. ए.ला प्रवेश घेतला, तेव्हा जॉन स्टाइनबेक यांची ‘ऑफ माइस अँड मेन’ ही १९३७ सालची कादंबरी आम्हाला अभ्यासाला होती आणि तिच्यातील पात्रांची सत्ता व हतबलता यांवर प्रश्न हमखास येतो, असे पुढच्या वर्गातील मुलांनी बजावून ठेवले होते. कादंबरी जेमतेम शंभर पानांची असल्यामुळे मी निर्धास्त होतो. वहीत दोन रकाने आखले : एकात कॅलिफोर्नियातील त्या शेतमळ्याचा मालक आणि त्याचा मुलगा कर्ली, दुसऱ्यात एक हात गमावलेला म्हातारा झाडूवाला कँडी, तबेल्यात राबणारा कृष्णवर्णीय क्रूक्स, अंगाने राक्षस पण बुद्धीने लहान मूल असलेला लेनी आणि कर्लीची बायको. सराव परीक्षेत या तक्त्याच्या आधारे लिहिलेल्या उत्तराला वीसपैकी सात गुण मिळाले. शेजारी लाल शाईत एवढेच लिहिले होते : ‘मग स्लिम कुठे?’

स्लिम मालक नाही की मालकाचा मुलगाही नाही. तो खेचरे हाकणारा साधा पगारी गडी. तरीही कँडीच्या म्हाताऱ्या कुत्र्याला गोळी घालावी असा धोशा मळ्यावरचा दुसरा गडी कार्ल्सन लावतो, तेव्हा कँडी आशेने स्लिमकडेच पाहतो, कारण तिथे स्लिमचे मत म्हणजे कायदा. स्लिम कार्ल्सनच्या बाजूने बोलतो आणि कुत्र्याचा निकाल लागतो. पुढे लेनी कर्लीचा हात चिरडतो, तेव्हाही स्लिमच कर्लीला सांगतो, की हात यंत्रात सापडला असे म्हण, नाहीतर खरा प्रकार सगळ्यांना सांगू. आणि हसे होण्याच्या भीतीने मालकाचा मुलगा ते मुकाट्याने मान्य करतो.

माझे दोन रकाने इथे मोडले. मग लक्षात आले, की इंग्रजीतल्या ‘पॉवर’ या एकाच शब्दापाशी मी अडलो होतो, आणि घरात आपण रोज वापरतो ते शब्द मात्र परीक्षेच्या धाकाने बाजूला ठेवले होते. पुन्हा वाचताना समासात मराठीतच नोंदी केल्या : मालकाची मालकी, कर्लीचा बापाच्या जिवावरचा तोरा, स्लिमच्या शब्दाला असलेले वजन, लेनीची निव्वळ ताकद. उत्तर इंग्रजीत लिहायचे असले, तरी आधी प्रत्येक पात्राला असा नेमका शब्द शोधावा, असे मी नव्या विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगेन.

त्यानंतर सगळी कादंबरी कोंबण्याच्या फंदात न पडता एक प्रसंग बारकाईने वाचावा. मी चौथे प्रकरण निवडले. शनिवारची रात्र आहे, गडी गावात गेले आहेत आणि क्रूक्स तबेल्याला टेकलेल्या आपल्या खोलीत पाठीला औषध चोळत बसला आहे. लेनी दारात येतो, तेव्हा क्रूक्स त्याला आधी हटकतो : गोऱ्यांच्या खोलीत मला मज्जाव, तर माझ्या खोलीत तुम्हालाही हक्क नाही. मग त्याला बसू देतो आणि लेनीला सांभाळणारा त्याचा सोबती जॉर्ज गावातून परत आलाच नाही तर काय, असे विचारून छळू लागतो. आयुष्यात प्रथमच कोणीतरी त्याच्या शब्दाने घाबरते आहे. पण लेनी चवताळून उठतो आणि क्रूक्सला लगेच माघार घ्यावी लागते.

कँडी आल्यावर त्याच्या, जॉर्जच्या आणि लेनीच्या स्वतःची जमीन घेण्याच्या बेताची चर्चा निघते. आधी टर उडवणारा क्रूक्स हळूच सुचवतो, की नुसत्या पोटावर मीही काम करायला येईन. एवढ्यात कर्लीची बायको दारात उभी राहते. नुसत्या आशेने बळ आलेला क्रूक्स तिला बाहेर जायला सांगतो आणि ती उलटून म्हणते, की मनात आणले तर तुला झाडाला लटकवू शकते. आम्ही खरे काय ते सांगू, असे कँडी म्हणतो खरा. पण तुमचे ऐकणार कोण, या तिच्या प्रश्नावर तोही गप्प होतो. क्रूक्सच्या फळीवर १९०५ सालच्या कॅलिफोर्नियाच्या दिवाणी कायद्याचे फाटके पुस्तक आहे. ते त्याच्या काहीही कामी येत नाही.

कर्लीच्या बायकोला लेखकाने नावही दिलेले नाही, हे वाक्य प्रत्येक उत्तरपत्रिकेत असते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. नवऱ्याच्या घरात जिला कोणी विचारत नाही, तिच्या हाती गोरेपणाचे हे हत्यार येते आणि ते ती नेमके आपल्याहून दुबळ्यावर चालवते, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. ती गेल्यावर क्रूक्स आपला बेत मागे घेतो आणि पुन्हा पाठीला औषध चोळू लागतो.

१९३०च्या दशकातल्या आर्थिक महामंदीची पार्श्वभूमी दोन-तीन वाक्यांत आटोपावी. माझी पहिली दोन पाने तिनेच खाल्ली होती.

वार्षिक परीक्षेत या प्रसंगावरच माझा बहुतेक वेळ गेला आणि जॉर्जविषयी चारच ओळी लिहिता आल्या. कँडीचा कुत्रा ज्या पिस्तुलाने मारला गेला, तेच कार्ल्सनचे पिस्तूल शेवटी लेनीच्या मागे उभ्या असलेल्या जॉर्जच्या हातात असते. त्या पानाच्या समासात लिहिण्याजोगा शब्द मला अजून सापडलेला नाही.